ब्रेकवरचा पाय

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांच्या गल्लीत गाड्या येऊन लागत होत्या, आणि एकाही गाडीने कुणाचं फाटक अडवलं नव्हतं. सगळ्या कडेला, सरळ रेषेत, मागच्याला निघता येईल एवढी जागा सोडून. समोरच्या घरातल्या म्हातारबुवांनी खिडकीतून हे पाहिलं आणि बायकोला सांगितलं, "सगळे हिच्याच हाताखालचे."

बाई म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई. खरं तर त्या तिथे लागल्या होत्या फॉर्म भरून घ्यायला. शिकवणारे मास्तर एक दिवस मालकांशी भांडून तडक निघून गेले. दारात चार शिकाऊ ताटकळत उभे, आणि मालकांना स्वतःला गाडी मागे घेता येत नव्हती. बाईंना येत होती, कारण त्यांच्या वडिलांचा टेम्पो होता. "आजच्या दिवस वेळ मारून न्या," मालक म्हणाले. बाईंनी ती एकतीस वर्षं मारून नेली.

शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाई फार बोलत नसत, उजवा पाय त्या ब्रेकवर टेकवून नुसत्या समोर बघत बसायच्या. माणूस तयार झाला असं वाटलं की तोच पाय उचलून दुसऱ्यावर टाकायच्या आणि पर्समधून खारे दाणे काढून खायला लागायच्या. भेटायला येणारा प्रत्येक जण याच दिवसाबद्दल बोलत होता. "मला तेविसाव्या दिवशी," एक दातांच्या डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मला तर दाणेसुद्धा दिले."

लेक सगळ्यांना पाणी देत होती आणि ऐकत होती. सांगण्यासारखा तसला दिवस तिच्याकडे नव्हता.

एकोणिसाव्या वर्षी तीही आईकडेच शिकली होती. चांगले पाच महिने. चौक आला की बाईंचा पाय दाबला जाई, सायकलवाला दिसला की दाबला जाई, रस्त्यात कागद उडाला तरी दाबला जाई. परिणाम असा झाला की गाडी थांबवायची असते हेच तिच्या अंगवळणी पडलं नाही. परीक्षेच्या दिवशी आईच्या जागी इन्स्पेक्टर बसले. मैदानाच्या टोकाला लोखंडी पिंप ठेवलेलं होतं, त्याच्या अलीकडे थांबायचं होतं. ती शांतपणे वाट बघत राहिली. गाडी थांबली ती पिंपावर आपटूनच.

"ब्रेक कुणी मारायचा होता?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. तिला खरंच सुचेना.

अशी ती तीनदा नापास झाली. शहरभर जिच्या नावाने लोक पास होतात तिचीच लेक गाडी चालवू शकत नाही, हा गावाला पुरेल एवढा विनोद होता. बाई त्यावर चकार शब्द काढत नसत. आपण मठ्ठ आहोत हे लेकीने एकदाचं मान्य करून टाकलं. पुढे औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी चालून आली होती, पगार दीडपट. पण गाडी चालवता येणं ही पहिली अट. तिने ती संधी सोडली आणि बसने जाता येईल अशा कचेरीत टेबल धरलं. नंतर बाईंनी नातीला शिकवलं. विसाव्या दिवशी दाणे निघाले. नात घरी येऊन नाचली, लेकीने कौतुक केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आदळली.

नात शिकायला परगावी गेली आणि त्याच वर्षी बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. दर पंधरा दिवसांनी दवाखाना, टॅक्सीवाले कुबड्या बघून टाळायला लागले. तेव्हा पंचेचाळिशी उलटलेली लेक कुणाला न सांगता दुसऱ्याच स्कूलमध्ये गेली. तिथले मास्तर बडबडे आणि झोपाळू होते. ती पहिल्या फटक्यात पास झाली. बाईंनी लायसन हातात घेतलं, फोटो पाहिला, परत दिलं. "बरा आलाय," एवढंच म्हणाल्या.

तिच्या छोट्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता, तरी बाईंचा पाय खालचा पत्रा दाबायचा तो दाबायचाच. दवाखान्याच्या तिसऱ्या फेरीला, सिग्नलला गाडी थांबली असताना, त्या समोर बघतच म्हणाल्या, "तुला तेव्हाच येत होतं."

"काय?"

"गाडी. दुसऱ्या महिन्यातच. इतरांच्या वेळी पाय उचलायचे, तुझ्या वेळी उचलेचना. बाबा गेल्यावर तू एकटीच उरली होतीस मला. मी घाबरले होते गं."

मागून हॉर्न वाजले. लेकीने गिअर टाकला. पुढच्या दोन्ही चौकांत तिने ब्रेक रागाने कचकन दाबला.

"मी मठ्ठ आहे असं मला वाटत राहिलं, आई. सव्वीस वर्षं. ती नोकरी सोडली मी."

"माहीत आहे."

"मग तेव्हा बोलायचं होतंस!"

"हो," बाई म्हणाल्या. "बोलायला हवं होतं."

घरी पोचल्यावर तिने आईला नीट हात धरून उतरवलं, औषधं काढून ठेवली, आणि पुढचे दोन आठवडे कामापुरतंच बोलली. जेवायला वाढलंय. गोळी घेतलीस का. बाईंनीही मनधरणी केली नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता.

पुन्हा दवाखान्याचा दिवस आला. लेक गाडी काढून दारात आली. बाई कुबड्यांवर भार टाकून पायरीशी उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे.

"मी मागे बसू का?" त्यांनी विचारलं.

लेकीने आतून वाकून पुढचं दार उघडलं.

"पुढेच बस," ती म्हणाली.