राजाच्या घशातली दुर्बीण

अड्याळकडे दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, नाटकात राजा करावा तर यादोरावनेच, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मुख्यतः मीच. आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी, पाठांतर तेवढं बेताचं.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात भाताचा घास माझ्या छातीत अडकू लागला. माझे वडील असेच गिळता येईना म्हणून गेले होते. मी हादरलो. पण घाबरलेला राजा शोभत नाही, म्हणून घरात चकार शब्द काढला नाही. बायको कुंताबाई वाढायची. मी "वा, काय चव!" म्हणत पाण्यासोबत चार घास ढकलायचो आणि तिची पाठ वळली की उरलेलं गोऱ्ह्यासमोर ठेवायचो. आयुष्यातला सर्वोत्तम अभिनय मी त्या पाटावर केला, असं माझं मत होतं. गोऱ्हा गुटगुटीत झाला आणि माझा सदरा ढगळ.

दिवाळीनंतरच्या नाटकात भर दरबारात राजाला पेढा खायचा होता. तो अडकला. मी डोळे पांढरे केले, तर लोकांनी टाळ्या वाजवून वन्समोअर दिला. एकट्या कुंताबाईने टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने मला वरठी स्टेशनावरून रेल्वेगाडीत बसवून नागपूरच्या दवाखान्यात नेलं.

"दुर्बिणीने पाहावं लागेल," डॉक्टर म्हणाले. दुर्बीण म्हणजे लांबचं पाहायची वस्तू, म्हणून मी शहाण्यासारखा लांब दाराशी जाऊन आ वासून उभा राहिलो. त्यांनी हसू दाबत बोटाएवढी जाड, काळी नळी दाखवली. ती माझ्या आत जाणार होती.

"त्रास कधीपासून?"

"आठेक दिवस झाले, साहेब. जेवन तसं दणक्यात हाये."

"होळीपासून हाये, साहेब," कुंताबाई म्हणाली. "पयले भात मऊ केला, मंग घोटला. आता पेज देऊन राहिली."

म्हणजे माझ्याही आधी तिला कळलं होतं. "तुले कसं मालूम?"

"भात कोन रांधते?"

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी बोलले? मामाजीचं, तुमच्या बाबाचं, पाह्यलं हाये मी. त्या बिमारीचं नाव काढाले भेव वाटे."

घशात औषध फवारलं, तोंड मिटू नये म्हणून दातांत कडं दिलं, डाव्या कुशीवर निजवलं. नळी आत गेली आणि मला एकही वाक्य म्हणता येईना. डॉक्टर एक डोळा मिटून पाहत राहिले. गाठ दिसत नव्हती. पोटातून वर येणाऱ्या आम्लाने भाजून अन्ननळी खाली आकसली होती. खात्रीसाठी त्यांनी बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत आम्ही दोघंही पेजच प्यालो. निकाल चांगला आला. मग जाड-जाड होत जाणाऱ्या नळ्या घालून त्यांनी वाट रुंद केली.

घरी आल्यावर कुंताबाईने मोकळा भात वाढला आणि समोर बसली. मी घास गिळला. तो सरळ उतरला. "वा, काय चव!" म्हणायचं विसरून मी दुसरा घास उचलला.

ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "आता खरं जेवून राहिले."