पोह्यांबरोबरच्या सह्या

रामदासपेठेतल्या त्या कंपनीत मी लागलो तेव्हा माझं पद ऐकायला भारदस्त होतं: गुणवत्ता प्रमुख. प्रमुख खरा, पण हाताखाली कोणी नव्हतं. आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करायचो. रक्त कोणाचं, तपासणी कोणती, निकाल काय, हे त्यात नोंदवायचं आणि रिपोर्ट छापून द्यायचा. आपण चुकलो तर एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर जाईल, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. सगळे माना डोलवायचे. माना डोलवण्यात आमच्या ऑफिसचा हात कोणी धरू शकलं नसतं.

कामाची पद्धत म्हणाल तर ती नव्हतीच. एखाद्या लॅबचा फोन आला की आमचा प्रोग्रामर फोन कानाला लावूनच दुरुस्ती करायचा आणि तिथल्या तिथे ती सगळ्या लॅबना पाठवून मोकळा व्हायचा. तपासलं का, असं विचारलं की म्हणायचा, "चालून तर राहिलं सर, अजून काय पाह्यजे?"

म्हणून मी एक फॉर्म काढला. साधा, एका पानाचा. काय बदललं, का बदललं, दुसऱ्या कोणी ते वाचलं का, चालवून पाहिलं का. खाली दोन सह्या, आणि मगच बदल बाहेर. आमच्या मालकांना हा फॉर्म इतका आवडला की त्यांनी त्याची प्रथाच पाडली. दर शुक्रवारी अकरा वाजता तर्री-पोहे मागवायचे आणि आठवड्याभराचे फॉर्म एकदम भरून टाकायचे. बदल सोमवारीच लॅबमध्ये पोचलेला असायचा, त्याचं 'वाचून पाहिलं' शुक्रवारी व्हायचं. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात पेन. तर्रीचा डाग नसलेलं पान त्या फाईलमध्ये शोधून सापडलं नसतं. मी चिडायचो, ओरडायचो, महिन्यातून एकदा तरी राजीनाम्याची भाषा करायचो.

"काहून चिडून राहिले?" मालक म्हणायचे. "फाईल तर जाड झाली न!" आणि आल्यागेल्याला ती कौतुकाने दाखवायचे.

मौद्याहून फोन आला तो एका शनिवारी सकाळी. तिथल्या एका लहानशा लॅबमधली टेक्निशियन बोलत होती. त्या आठवड्यात तिच्याकडे एकाच नावाचे दोन पेशंट एकाच दिवशी आले आणि एकाचा साखरेचा आकडा दुसऱ्याच्या रिपोर्टवर छापला गेला. डॉक्टरांना शंका आली म्हणून बरं, नाहीतर धडधाकट माणसाला औषध सुरू झालं असतं. लॅबच्या मालकाने मात्र हिलाच धरलं होतं.

"मालक म्हणते का तूच रक्ताच्या नळ्या बदलवल्या, सोमवारपासून येऊ नको," ती म्हणाली. "बारा वर्षं झाले मले इथं. मी नळ्या नाही बदलवल्या जी. तुमच्याजवळ लिहून असन न, या हप्त्यात काय बदलवलं ते?"

होतं ना लिहून! मी फाईल उघडली. वरचंच पान, कालचं. काय बदललं: किरकोळ दुरुस्ती. का बदललं: कोरं. वाचून पाहिलं, याच्यापुढे सही. सही माझी होती.

इतके दिवस मी सगळ्या ऑफिसवर तोंड टाकत होतो, आणि त्या क्षणी मला माझं तोंड आरशात बघवलं नसतं. प्रोग्रामरला बोलावून घेतलं. बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्याला आठवलं. दुसऱ्या एका लॅबला पेशंटचा नंबर टाईप करायचा कंटाळा येत होता.

"मंग मी नावावरून शोधाचं करून देल्लं," तो म्हणाला.

"आणि दोघांचं नाव एकच असलं तर?"

"असं कधी होते का, सर?"

मी कपाळावर हात मारला. एका नावाचे दोन पेशंट भरून पाहिले. दोन मिनिटांत तीच चूक डोळ्यांसमोर. दोन मिनिटं लागली असती शुक्रवारी! तो बदल लगेच मागे घेतला, सगळ्या लॅबना फोन करून त्या आठवड्याचे रिपोर्ट पुन्हा बघायला सांगितले आणि तिच्यासाठी पत्र लिहायला बसलो.

"पत्र-बित्र नका देऊ," आमचे मालक म्हणाले. "फोनवर सॉरी म्हणून टाका. लेखी देल्लं तर उद्या सगळेच मागतीन."

तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी हुडकेश्वरच्या घरून निघालो तो ऑफिसला न जाता थेट मौद्याला.

येऊ नको म्हटलं होतं तरी ती आली होती. डब्याची पिशवी धरून लॅबबाहेरच्या पायरीवर उभी होती. मी पत्र दिलं. चूक आमच्या सॉफ्टवेअरची, टेक्निशियनचा काहीही दोष नाही, असं मी स्वच्छ लिहिलं होतं. तिने ते उभ्याउभ्या वाचलं.

"हे तपासलं कोणी होतं, सर?"

"सही माझी आहे."

"सही नाही विचारली मी. तपासलं कोणी?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"मंग तेही लिहा न. नाहीतर मालक म्हणन, एवढ्या मोठ्या कंपनीनं तपासलेली चीज चुकन कशी? मंग पुन्हा मीच."

मी पायरीवर बसलो आणि पत्राखाली हाताने लिहिलं: हा बदल न तपासता मी त्यावर सही केली होती. सही करायला पेन टेकवलं तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा."

तिने कागद माझ्या हातातून घेतला, ओळीखाली बोट ठेवून एकेक शब्द वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि माझ्यापुढे धरला.

"हां, आता करा."