आमच्या साडूंची उत्तर-दक्षिण

दोन माणसं एका ताटाभोवती बसली की तिथं यादवी युद्धाचं बी पडतं, असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नशिबानं तो माझा साडू निघाला. मित्र असता तर तोडला असता, भागीदार असता तर वेगळा झालो असतो. साडूचं काय करणार? दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे आमची फाळणी कुठल्याही तहात बसत नव्हती.

सौदीतल्या धाहरानच्या एका तेल कंपनीत ते वीस वर्षं नकाशे काढत होते. तिथला एक अमेरिकन साहेब मायदेशी परतताना पुस्तकांचा खोका मागं टाकून गेला. दुसऱ्या कुणी तो रद्दीत घातला असता. साडूंनी तो घरी नेला, आणि आत सगळी पुस्तकं एकाच विषयाची निघाली : अमेरिकेतलं यादवी युद्ध. त्या जागी स्वयंपाकाची पुस्तकं निघाली असती तर आमच्या कुटुंबाचं केवढं भलं झालं असतं! अमेरिकेत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही, पण तिथल्या कुठल्या टेकडीवर कुणाचा घोडा अडखळला हे त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायकोला विचारावी लागे. ते जेवायला बसले की ताट म्हणजे अमेरिका. भात उत्तरेकडे, आमटी दक्षिणेकडे, मध्ये लोणच्याची फोड म्हणजे राजधानी. भात आमटीत कालवताना त्यांचा चेहरा असा गंभीर व्हायचा की समोरच्याचा घास तोंडाशी थांबायचा.

नोकरी संपल्यावर गावी जाण्याआधी मक्केला जाऊन एक उमरा करावा म्हणून ते जेद्दाला माझ्याकडे आले आणि अकरा महिने राहिले. तिथल्या जुन्या बाजारात, बलदमध्ये माझं बॅगांचं दुकान आहे. रस्त्याच्या कडेला चादर पसरून टोप्या विकण्यापासून मी सुरुवात केली आणि दुकान उभं केलं ते जिभेच्या जोरावर. गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं तरी त्याला परत आणणारा माणूस मी. आणि मी असा रंगात आलो की मागून साडू गिऱ्हाइकाला शांतपणे सांगायचे, "थांबा हो भाईसाहेब, भाव अजून खाली आणतात ते." एकदा मी त्यांच्यावर असा ओरडलो की समोरचा अत्तरवाला धावत आला. साडू म्हणाले, "साडूभाऊ, सौदा म्हणजे पुढं ढकललेलं भांडण. अमेरिकेनं सत्तर-ऐंशी वर्षं तेच केलं. एक राज्य गुलाम ठेवणारं, तर एक न ठेवणारं. तराजू सांभाळत बसले. शेवटी तराजूच मोडला." मी म्हणालो, "तुमच्या अमेरिकेमुळं माझी चामड्याची बॅग राहिली ना इथं!"

दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची मेस होती. माझी दुकानातली चार माणसं रत्नागिरी-रायगडकडची. बाकी चार घाटावरची, बाहेर कामाला जाणारी. त्यांचा पुढारी कराडचा वेल्डर पाटील. आम्हाला भात आणि माशाचं कालवण, त्यांना भाकरी आणि ठेचा. कुणी कुणाच्या वाटचं खोबरं संपवलं यावरून एकदा जुंपली आणि पाटलानं फ्रीजच्या मधोमध निळी चिकटपट्टी लावली. वर घाट, खाली कोकण. साडू फ्रीजसमोर हात मागं बांधून पाच मिनिटं उभे राहिले. मला वाटलं पाणी हवंय. ते म्हणाले, "सीमा आखली. आता मूळ कारण शोधायला हवं."

"कारण खोबरं," मी म्हणालो.

"खोबरं निमित्त. तट काय, कुठंही पडतात. पण आग तिथंच लागते, जिथं त्या तटांखाली एक माणूस दुसऱ्याच्या मालकीचा झालेला असतो."

मी हे हसण्यावारी नेलं. तिथंच माझी चूक झाली.

आमचा स्वयंपाकी दाऊद श्रीवर्धनकडचा, माझ्याच कफीलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, नावावर आलेला. चिकटपट्टी लागल्यापासून तो दोन स्वयंपाक करत होता : सकाळी कोकणासाठी, मग भांडी घासून पुन्हा घाटासाठी. तक्रार नाही. एकदाच तो दुकानात आला आणि म्हणाला, "शेठ, पोरीचा निकाह ठरला. रमजानच्या आधी पंधरा दिवस. जाऊन येतो."

रमजान म्हणजे आमचा सीझन. उमऱ्याला आलेली माणसं बॅगा घेतल्याशिवाय परतत नाहीत. मेस बंद म्हणजे माझी माणसं जेवायला गावभर हिंडणार. मी म्हणालो, "तारीख ईदनंतर ढकल. मी येणं-जाणं दोन्ही तिकिटं काढतो, वर पोरीला एक मोठी बॅग." चांगला सौदा होता, आजही म्हणतो. दाऊद जिना चढून स्वयंपाकाला गेला. त्याचा पासपोर्ट माझ्या कपाटात होता. असं ठेवणं कायद्यात बसत नाही, मला ठाऊक होतं. पण सगळेच ठेवायचे, सांभाळायला म्हणून.

त्या शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला बसले असताना साडूंनी युद्ध मांडलं. पाण्याचे ग्लास उत्तरेचे, वाट्या दक्षिणेच्या. कापसाचे मळे, ते मळे कसणारी विकत घेतलेली माणसं, पळालं तर धरून आणायचा कायदा, सगळं सांगितलं. "आणि मळेवाले वाईट नव्हते बरं," ते म्हणाले. "आम्ही त्यांना सांभाळतो, असंच म्हणायचे बिचारे."

पाटील भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मग काका, आपल्या मेसात मळेवाला कोन?"

आठही जणांनी ताटातून मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. घाटानं पाहिलं, कोकणानंही पाहिलं. महिनाभरात त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

मी उठलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. "माझ्याच घरात, माझंच मीठ खाऊन मला मळेवाला म्हणता?" एवढं सौम्य. दाऊद दारात कालवणाचं पातेलं धरून उभा होता, आत यावं की जावं या विचारात.

माझा दम संपेपर्यंत साडू थांबले. मग अगदी सहज विचारलं, "साडूभाऊ, तुम्ही नवीन आलात तेव्हा पासपोर्ट पहिल्या कफीलाकडं होता ना? त्याचं कपाट कुठल्या रंगाचं होतं हो?"

"हिरवं," मी म्हणालो.

सव्वीस वर्षं झाली होती. विचार करावा लागला नाही. कडीजवळ रंगाचा टवका उडालेला, तोसुद्धा दिसला. त्याच कपाटासमोर मी अब्बांच्या आजारपणाची तार घेऊन नऊ दिवस उभा होतो. दहाव्या दिवशी दुसरी तार आली, आणि मग घाईनं जाण्यासारखं काही उरलं नाही.

मी खाली गेलो, कपाट उघडलं, पासपोर्ट आणून दाऊदपुढं धरला. हातात पातेलं होतं म्हणून झाकणावरच ठेवला. म्हणालो, "यल्ला, चल, कालवण वाढ. जाण्यायेण्याच्या व्हिसाचं उद्या बघतो. आणि बॅग मोठीच ने, सौदा तुटला तरी."  त्या दिवशी दाऊदनं घाटाच्या ताटातही कालवण वाढलं आणि कुणी नको म्हटलं नाही.

तो गेला त्या महिन्यात स्वयंपाक साडूंकडं होता. त्यांची खिचडी इतकी वाईट की घाट आणि कोकण तिच्याविरुद्ध एक झाले. आठव्या दिवशी पाटलानं स्वतःच चिकटपट्टी ओरबाडून काढली. तिचा चिकट डाग फ्रीजवर अजून आहे. निकाह पार पाडून दाऊद आपणहून परत आला. पासपोर्ट आता तो उशीच्या अभ्र्यात ठेवतो.

साडू ईदनंतर रत्नागिरीला कायमचे गेले. दक्षिण शरण आली, असं तिथं सगळ्यांना सांगत सुटलेत म्हणे. मळेवाला म्हटलं ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. विमानात वजन जास्त झालं म्हणून पुस्तकांचा खोका इथंच राहिला. तो मी कपाटात ठेवलाय, कुलूप लावून. दर शुक्रवारी जेवणं झाली की त्यांचा फोन येतो.

"साडूभाऊ, किती दिवस डांबून ठेवणार माझी पुस्तकं? सोडा आता."

"पाठवणार नाही," मी म्हणतो. "हवी असतील तर येऊन घेऊन जा."