पाय सोडायला खड्डा

नवीकोरी फळी विकत आणायची आणि तिला आग लावायची, असला प्रकार धर्मराज घरतने बासष्ट वर्षांत पाहिला नव्हता. पनवेलजवळच्या करंजाड्यात त्याच्या इमारतीखालच्या गाळ्यासमोर, भर फुटपाथवर, दोन सुतार गॅसच्या बर्नरने फळ्या जाळत बसले होते. काळ्या ठिक्कर झाल्या की ब्रशने घासायच्या, तेल चोपडायचं आणि आत नेऊन भिंतीला ठोकायच्या.

"काय रं, ह्यो कसला धंदा?" त्याने विचारलं.

"डिझाइन है, चाचा."

डिझाइन म्हणे! घराला आग लागल्यावर भिंती काळ्या होतात, ते डिझाइनच की मग. धर्मराजने प्लास्टिकची खुर्ची समोरच्या सावलीत ओढली आणि मांड ठोकली. पुढचे दीड महिने ती खुर्ची तिथून हलली नाही.

आता हा माणूस मुळातच संशयी. पेट्रोल भरताना तो गाडीवरून उतरून मीटरला नाक लावतो. नारळ तिघांकडून वाजवून घेतो. लग्नाची पत्रिका आली तरी फोन करून तारीख पुन्हा विचारतो. पण उगाच नाही हो. घरतांची मिठागरं होती, ती सरकारात गेली. त्या बदल्यातला प्लॉट हातात पडेपर्यंत अर्धं आयुष्य सरलं, आणि तेवढ्या काळात जो जो माणूस हात जोडून दारात आला, त्याला कुठे ना कुठे सही हवी होती. तेव्हापासून कुणी हात जोडले की तो आधी हातात कागद आहे का ते बघतो.

गाळा घेतला होता अंकिताने. कामोठ्याची पोर, बत्तीस वर्षांची, सहा वर्षं दुबईत एका जपानी हॉटेलात स्वयंपाक करून आलेली. स्वतःचं जपानी हॉटेल काढायचं म्हणून तिने साठवलेलं सगळं ह्यात ओतलं होतं. बोलायला गोड, वागायला नीट, "काका, काका" म्हणून चहा पाठवणारी. धर्मराजच्या मते हीच पहिली खूण. इतकं गोड कुणी फुकट बोलत नाही!

दुसरी खूण म्हणजे खिडक्या. रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्या तिने प्लायवूडने बंद केल्या. हॉटेल म्हटलं की गिऱ्हाईक काचेतून दिसायला हवं, गर्दी बघून गर्दी येते. हिला मात्र आतलं बाहेर दिसायला नको होतं. मग आत चार छोट्या खोल्या झाल्या. खोलीला सरकता दरवाजा. काम बघणारा परेश कॉन्ट्रॅक्टर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "चार प्रायव्हेट रूम, एकदम सेपरेट." धर्मराजच्या कानात ते शिसं ओतल्यासारखं गेलं.

आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी जमीन खोदायला घेतली.

प्रत्येक खोलीच्या मधोमध खड्डा. लांबीला माणूस आडवा मावेल एवढा, खोल गुडघ्याच्या वर. धर्मराज खुर्चीवरून उठलाच.

"अंकिता, ह्यो खड्डा कशाला?"

"पाय सोडायला, काका. खड्ड्यावर टेबल येणार. लोक जमिनीवर बसतील आणि पाय खाली सोडतील. तिकडे असंच असतं."

"पाय सोडायला खड्डा? खुर्च्या महाग झाल्या काय?"

ती हसली. तो हसला नाही. पाय सोडायला माणूस ओट्यावर बसतो, जमीन खोदत नाही, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि कुठे, ते पनवेलच्या माणसाला सांगावं लागत नाही. इथल्या हायवेने लेडीज बारची भरभराट पाहिलीय. छापा पडला की पोरींना लपवायला भिंतीत कप्पे आणि जमिनीखाली बिळं असायची, पेपरात फोटो यायचे. काळ्या भिंती, बंद खिडक्या, एकेकट्या खोल्या, खाली खड्डा. अजून काय पाटी लावायची राहिली होती?

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, भाडं येतंय ना, मग झालं. धर्मराजला ते जमणार नव्हतं. त्याचा थोरला भाऊ रामू अशाच एका बारने खाल्ला. जमिनीचे पैसे आले त्या वर्षी रामू तिथे जायला लागला आणि चार वर्षांत पैसेही संपले, लिव्हरही संपलं. मागे राहिली भामावहिनी, मूलबाळ नाही; तेव्हापासून ती धर्मराजच्याच घरात. रामूच्या दहाव्याला धर्मराजने तिच्यासमोर पिंडावर हात ठेवून सांगितलं होतं, "वहिनी, असल्या धंद्याची सावली आपल्या घरावर पडू देणार नाय."

जे सांगितलं नव्हतं ते वेगळंच होतं. रामूला त्या बारमध्ये पहिल्यांदा धर्मराजच घेऊन गेला होता. "दादा, चल, जरा मजा करू," असं म्हणून. धर्मराज त्या एका दिवसानंतर पुन्हा गेला नाही; रामू परत आलाच नाही म्हणायचा. ही गोष्ट वहिनीला कळली तर तिच्या हातचं पाणी प्यायचीही आपली लायकी राहणार नाही, ह्या धाकात त्याने बावीस वर्षं काढली. दूध तापवताना, देवापुढे बसताना, नातवाला मांडीवर घेतानाही तो धाक उतरला नाही. आणि आता त्याच्याच गाळ्यात बार निघाला, की गाव जुन्या गोष्टी उकरणार. उकरता उकरता कुणीतरी म्हणणार, "अरे, रामूला पहिल्यांदा नेला कुणी?"

त्यात वहिनी रोज चार वाजता गायब व्हायला लागली. गुडघे दुखतात म्हणून जिना उतरायला पाच मिनिटं घेणारी बाई, पदर सावरत खाली जायची ती तासाने यायची. त्या वेळी धर्मराज चहा घेऊन आडवा व्हायचा, त्यामुळे कुठे जाते ते दिसायचं नाही.

"वहिनी, कुठं गेल्ती?"

"देवळान."

देऊळ पाचला उघडतं. धर्मराजच्या मनात पाल चुकचुकली. वहिनीच्या कानाला कुणीतरी लागलंय. तिला बारचं कळलंय, आता उरलेलं कळायला वेळ नाही.

रविवारी सुतारांना सुट्टी होती. गाळ्याची एक चावी मालकाकडे असतेच. धर्मराजने सकाळी नाक्यावरून दोन गवंडी उचलले, ओळखीच्या टेम्पोवाल्याकडून डेब्रिज मागवलं, सिमेंट आणलं आणि दुपारच्या जेवणापर्यंत चारही खड्डे भरून, वर काँक्रीट ओतून, थापीने सपाट करून टाकले. कितीतरी वर्षांनी त्याला भरपेट जेवण गेलं.

सोमवारी परेशने शटर उघडलं आणि त्याच्या तोंडून शिवी निघाली. अंकिता मागून आली, आत बघितलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. आरडाओरडा नाही, काही नाही. "काका, पंधरा दिवसांवर उद्घाटन आहे हो," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

"पोलिसांना बोलव," धर्मराज छाती काढून म्हणाला. "मी पन सांगतो त्यांना, खड्ड्यान कुणाला लपवायचा व्हता ते. आमच्या घरानं येक मानूस घालवलाय ह्या धंद्यापायी!"

"कुणाच्या नावानं बोंबलताय, भावजी?"

भामावहिनी दारात उभी होती. चौकट धरून ती एकेक पाऊल टाकत आत आली आणि काँक्रीटकडे बघत राहिली.

"ह्यो माझा खड्डा व्हता," ती म्हणाली. "ही पोर मला रोज चारला बोलवायची. काठावर बसवून माप घ्यायची. म्हणायची, आजी, जिला मांडी घालता येत नाय तिला पन जमिनीवर बसून जेवता आला पायजे. पाच वरसं झाली, मी पंगतीला बसलेली नाय. हितं बसले."

"मग सांगितला का नाय मला?"

"तुमी जाऊ दिला असता?"

"वहिनी, मी तुझ्यासाठी... दादाचा झाला तसा पुन्यांदा नको म्हणून..."

"तुमच्या दादांना पहिल्यांदा कोन घेऊन गेला, ते मला ठाव हाय."

धर्मराजने भिंतीचा आधार घेतला, हाताला काजळी लागली.

"त्याच दिवशी घरी येऊन सांगितला व्हता त्यांनी," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं. "हसत सांगितला. धर्मानं आज लय मजा दाखवली म्हणाले."

"बावीस वरसं? आनि तू बोलली नाय?"

"बोलले असते तर तुमी ह्या घरान ऱ्हायले असते? लाजेनं तोंड घेऊन गेले असते कुठंतरी. मग माझा कोन व्हता?" तिने डोळ्यांना पदर लावला. "राग व्हता मला. अजून हाय. पन तुमी सगळ्या जगावर संशय घेत सुटले, तो माझ्या नावावर घालू नका."

धर्मराज मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला. कुणी त्याला उठवलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने स्वतःच नाक पुसलं, कोपऱ्यातली पहार उचलली आणि पहिल्या खोलीत जाऊन काँक्रीटवर घाव घातला. अजून पुरतं घट्ट झालं नव्हतं, कपचा उडाला.

"किती खोल व्हता, अंकिता?" त्याने मान वर न करता विचारलं.

भामावहिनीच पुढे झाली, पहारीशेजारी उभी राहिली आणि स्वतःच्या गुडघ्याच्या वर बोट ठेवून म्हणाली, "हितपर."