चाचांची बोटं

पोत्याचं तोंड शिवून झालं की चाचा सुतळी दातांनी तोडत, पोत्याला थाप मारत आणि म्हणत, "जाय भो, सुखमा ऱ्हाय." पोतं कुठल्या गावाला चाललंय हे त्यांना ठाऊक नसे. निरोप मात्र सगळ्यांना सारखाच.

नंदुरबारबाहेर आमची मिरचीची पथारी आहे. मोकळ्या जमिनीवर मिरची वाळते, बायका देठ खुडतात, मग पोती भरतात. मजूर, माल, गाड्या मी सांभाळते. पोती शिवणं चाचांकडे. साठीला टेकले होते, पण कधी साधा ताप आल्याचंही आठवत नाही. माझ्या याद्यांवरून ते बायकांना सांगत, "ताईनी यादीमा शिंकानी बी येळ लिखेल शे." बायका तोंडाला पदर लावत. मीही हसायचे.

तुम्ही पथारीवर आलात तर तुमच्याही लक्षात येईल, इथे हातांची आग ही तक्रार मानत नाहीत. ताक लावायचं आणि पुन्हा बसायचं. त्या हिवाळ्यात चाचांच्या बोटावर गाठ आली, मग तिच्यामागे मनगटाकडे आणखी उठत गेल्या. मी ताकाची वाटी पुढे केली.

"मिरचीना हात शे, ताई. जळीच," ते म्हणाले.

पू दिसला तेव्हा मी डॉक्टरचं हंगाम संपल्यावर बघू म्हटलं. शिवायला दुसरं कुणी नव्हतं.

शेवटी मुलगा त्यांना सुरतेला घेऊन गेला. तिथे गाठीचा तुकडा तपासला. पोती शिवताना बोटाला दाभण टोचलं होतं, त्या जागेतून मातीतला एक जिवाणू आत शिरला होता. धडधाकट माणसाच्या कातडीला तो क्वचितच धरतो. महिनोन्‌महिने गोळ्या घेऊन गाठी गेल्या. आखडलेली बोटं तशीच राहिली. उशीर झाला, एवढंच डॉक्टर म्हणाले.

मुलाच्या घरी भेटायला गेले, तेव्हा काय बोलायचं ते गाडीतच क्रमाने ठरवलं होतं. चाचांनी डाव्या हाताने चहा दिला. उजव्यावर रुमाल होता. मी सुरुवात करणार तोच ते म्हणाले, "ऐन हंगाममा मन्हामुळे तुमनी आडचण व्हयनी, ताई. माफ करज्यात."

मी चहा संपवून कप खाली ठेवला.

निघताना त्यांनी विचारलं, पोती आता कोण शिवतं. मी म्हटलं, मशीन आणलंय.

"चांगलं करं," ते म्हणाले. रुमालाखाली त्यांची बोटं काहीतरी धरायला बघत होती.