वरच्या खोलीतली जुळवाजुळव

किस्से जमवावे लागत नाहीत हो, ते जिन्यावरून आपोआप खाली येतात. फक्त जिना आपल्या दारासमोरून गेला पाहिजे! रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या आमच्या घराचा जातो. वरच्या खोलीत कंप्युटरवाल्यांचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक कूलर आणि दोन माणसं. एक प्रज्ञा, समोरच्या मेश्राम भाऊंची पोट्टी. दुसरे साहू भैया, इथलेच छत्तीसगढी, पन्नाशीला टेकलेले. कंपनीचे साहेब पुण्याला असतात, आम्हाला ते फक्त फोनमधून भेटतात.

मी दहावीपर्यंत शिकलेली, मला त्यांच्यातलं काय कळणार! पण चहा घेऊन वर गेलं की थोडं कळतं, आणि रिकामे कप आणायला गेलं की उरलेलं. यातल्या बऱ्याच किश्शांना मी वर हसले आहे. जिना उतरेपर्यंत हसू टिकलं असं मात्र फारसं झालं नाही.

*

पहिल्या पहिल्यांदा मी सरळच विचारलं, "तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

प्रज्ञा म्हणाली, "काकू, समजा एकाच कामावर दहा जण दहा गावी बसून लिहून राहिले. प्रत्येकाजवळ आपापली कॉपी. मग त्या साऱ्या कॉप्या एकात मिसळायच्या. त्याले मर्ज म्हणते. ते करणारा प्रोग्राम आपल्या कंपनीचा आहे."

"अन् दोघांनी एकाच जागी हात घातला तर? म्हणजे वरणात मी मीठ टाकलं, अन् माझ्या जावेनंही टाकलं?"

"तेच तर!" पोट्टी खुर्चीतून उठलीच. "कोणाचं मीठ ठेवायचं, हे ठरवणारा भाग लय जुना झाला. कोणाले वाचता येत नाही. तो मी साफ करून राहिली."

"जुना भाग लिहिला कोणी होता?"

साहू भैयांनी वर्गात करतात तसा हात वर केला. "मैंने, भाभी. दाल खारी है."

*

एकदा बिजौरीचं, म्हणजे इथल्या सांडग्यांचं, ताट वाळत घालायला मी गच्चीवर निघाले. गच्चीचा रस्ता ऑफिसच्या दारावरूनच जातो, त्याला मी काय करू? आत साहेबांचा फोन चालू होता, टेबलावर, स्पीकरवर.

"प्रज्ञा, तुझं नवीन काम एकदा लागलं ना, की साहूंना मोकळं करू. जुनं तेवढं त्यांनाच कळतं म्हणून ठेवलंय. पण त्यांच्याजवळ इतक्यात बोलू नकोस."

प्रज्ञा घाईनं म्हणाली, "सर, फोन स्पीकरवर आहे. ते इथंच बसले आहेत."

"असू दे गं. त्यांना मराठी कुठे कळतं!"

"कळते, सर," साहू भैया म्हणाले.

इतकी वर्षं बुढापाऱ्यात आमच्यासारख्यांच्या शेजारी काढल्यावर भिंतींनाही मराठी कळते! मग साहेब म्हणाले, "अरे वा! छान बोलता की तुम्ही मराठी!"

माझी बिजौरी त्या दिवशी ताटातच राहिली. म्हणजे प्रज्ञाचं काम जेवढं पुढे जाणार, तेवढी साहू भैयांची नोकरी संपत येणार. आणि या वयात रायपुरात त्यांना असलं दुसरं काम देतो कोण? हे प्रज्ञाला कळलं, साहू भैयांना कळलं, आणि मला तर कळलंच. दुसऱ्या दिवशी दोघं नेहमीच्या वेळेला आले आणि शेजारी शेजारी बसून कामाला लागले.

*

मेश्राम भाऊ रेल्वेतून रिटायर झालेले. लेक कंप्युटरमध्ये आहे म्हणून पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, मान ताठ. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून त्यांनी प्रज्ञाला थांबवलं.

"काय वं, वर्ष होत आलं. काय नवीन बनवलं?"

"नवीन काही नाही, बाबा. आतलं सारं बदलवलं."

"मग आता काय करते ते मशीन?"

"जे आधी करत होतं तेच. बाहेरून काहीच फरक दिसला नाही पाहिजे. दिसला तर माझं चुकलं."

भाऊ विचारात पडले. "आमच्या रेल्वेत," ते म्हणाले, "इतकं काम करून गाडी जागची हलली नसती, तर सस्पेंड केलं असतं!"

प्रज्ञा माझ्याकडे बघून हसली. पण ती फाटकातून आत गेल्यावर भाऊ मला हळूच म्हणाले, "बाई, पोट्टी रात्री जेवत नाही बरोबर. वर काही झालं काय?"

मी म्हटलं, "काम आहे हो." दुसरं काय म्हणणार?

*

जुन्या कामात एक ओळ होती. तिच्या बाजूला साहू भैयांनी तरुणपणी लिहून ठेवलेलं, ‘इसे मत छेड़ना.’ प्रज्ञानं ती ओळ काढली, तर भलतंच बिघडलं. परत टाकली, सारं ठीक. तिनं वाचून वाचून डोळे लाल केले. त्या ओळीचा कशाशी संबंध आहे, तेच सापडेना.

"भैया, तुम्हीच लिहिलं ना हे? काहून लिहिलं?"

साहू भैयांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. स्क्रीनकडे इतका वेळ बघत राहिले की माझा चहा निवला.

"वजह याद नहीं, बेटा," शेवटी म्हणाले. "डर याद है."

*

बीरगांवच्या बाजूला एक कारखाना यांचा गिऱ्हाईक. जुन्या प्रोग्राममध्ये एक खोड होती. एकानं एखादी गोष्ट खोडली आणि दुसऱ्यानं तीच बदलली, तर खोडलेली गोष्ट गुपचूप परत यायची. सरळसरळ चूक! प्रज्ञानं ती त्यांच्या चालू प्रोग्राममध्येच सुधारून दिली. मोठ्या खुशीत मला सांगायला खाली आली.

तर दुसऱ्याच दिवशी कारखान्यातून बोंब. "मॅडम, हमारा काम रुक गया!"

झालं होतं असं, की त्या लोकांना वर्षानुवर्षं सवय पडली होती. प्रत्येक गोष्ट दोनदा खोडायची! नवीन माणूस आला की त्यालाही तेच शिकवायचे. आता पहिल्यांदाच गेली, तर दुसऱ्यांदा खोडायला काही सापडेना आणि सगळे हात वर करून बसले.

साहेबांचा हुकूम आला, "पहिल्यासारखं करून द्या."

मी म्हटलं, "म्हणजे चूक आहे हे माहीत आहे, तरी ठेवायची?"

"हव, भाभी," साहू भैया म्हणाले. "मेरी गलती परमानेंट है. ठेके पर तो मैं था!"

म्हणाले आणि स्वतःच जोरात हसले. प्रज्ञानं मान वर केली नाही. ती चूक तिला नव्या कामातही पहिल्यासारखीच, नीट, सुवाच्य अक्षरात लिहायची होती.

*

मग एके दुपारी प्रज्ञा जिन्यात बसून रडताना दिसली. मी शेजारी बसले.

"काय झालं वं? काम संपत नाही काय?"

"संपत आलं, काकू."

एवढंच म्हणाली. नंतर माझ्या लक्षात आलं की पोट्टी कामच करत नव्हती. सकाळी एक ओळ लिहायची, दुपारी खोडायची. साहेबांना सांगायची, "सर, अडलं आहे." असे किती दिवस गेले देव जाणे.

साहू भैयांनी ते ओळखलं. तिच्यावर आवाज चढवताना मी त्यांना फक्त त्याच दिवशी पाहिलं. "मुझ पर दया मत कर! मेरे इस पुराने काम ने कितनों का लिखा मिटाया, लोगों की मेहनत खाई है, तुझे पता है ना? उठ, खोल इसे!" आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून स्वतः पुढचं सांगायला लागले. हे असं, ते तसं. स्वतःचंच जुनं काम एकेक करून काढायला लावलं.

मला राहवलं नाही. त्यांना जिन्यात गाठून म्हटलं, "काहून जी भैया? अपने ही हाथ से?"

"भाभी, बेटी की बिदाई में बाप रोता है ना?"

"हो."

"पर मड़वा कौन गाड़ता है?"

आमच्याकडे लग्नाच्या मांडवाला मड़वा म्हणतात. मी कप घेतले आणि खाली आले.

*

शेवटी तो दिवस आला. प्रज्ञाचं सारं काम तिच्या कॉपीत होतं, आणि साहू भैया इतके दिवस मूळ कॉपीत रोजच्या बारीकसारीक दुरुस्त्या करत होते. आता त्या दोन कॉप्या एकात मिसळायच्या. मिसळलं की झालं. नवीन लागलं.

मी मुद्दाम ट्रेमध्ये चिवडापण नेला होता.

प्रज्ञानं विचारलं, "भैया, जुन्यानं मिसळू की नव्यानं?"

"नए से. पहला काम अपना ही करे."

तिनं बटण दाबलं. स्क्रीनवर सरसर काहीतरी वर गेलं. आणि थांबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"एका ओळीवर अडलं, काकू. आम्ही दोघांनी तीच ओळ बदलली आहे. कोणाची ठेवू म्हणून विचारून राहिलं."

"कोणती ओळ?"

मीच वाकून पाहिलं. सगळ्यात वरची ओळ, हे कोणी लिहिलं त्याच्या नावाची. आधी तिथं एकट्या साहू भैयांचं नाव असायचं. आता एकाखाली एक दोन ओळी दिसत होत्या. प्रज्ञाच्या ओळीत आधी साहू भैयांचं नाव होतं आणि त्याच्यामागे तिचं. साहू भैयांच्या ओळीत त्यांचं नाव नव्हतंच. फक्त प्रज्ञाचं होतं.

"तुम्ही हे कधी केलं, भैया?" प्रज्ञानं विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब. प्रज्ञानं सवयीनं स्पीकरवर टाकला.

"झालं का गं?"

"नाही, सर. कॉन्फ्लिक्ट आहे."

"किती?"

"एक."

"मोठा आहे?"

"एक ओळ, सर."

"एक ओळ? मग निवड की कुठलीही आणि दाब बटण! अडलंय कुठे?"

प्रज्ञानं कीबोर्ड साहू भैयांच्या पुढे सरकवला. साहू भैयांनी तो परत तिच्याकडे सरकवला.

"दबा ना, बेटा."

"तुम्ही दाबा, भैया."

"हॅलो?" साहेब म्हणत होते. "हॅलो? आहात का तिथे कोणी?"