अकरा दिवस मुरवलेला केक

आमच्या चाकणच्या कारखान्यात डिसेंबरात परदेशातल्या मुख्य कचेरीतून पाहुणे येतात. पाहुणे येणार म्हटलं की आधी रंगकाम होतं, मग संस्कृती होते. त्या वर्षीचं परिपत्रक असं होतं : जगभरातले सणांचे केक आणि बिस्किटं मांडायची, सगळी घरी केलेली, आणि नऊ विभागप्रमुखांनी एकेक देश घ्यायचा. चिठ्ठ्या टाकून देश वाटले. उत्पादनप्रमुखांना जर्मनी आलं, खरेदीला स्पेन, भांडारप्रमुखांना लेबनॉन. ज्यांच्या घरी दिवाळीचा चिवडासुद्धा दुकानातून येतो, त्या गृहस्थांनी आता मामूल नावाचं खजूर भरलेलं बिस्किट करायचं होतं.

तीन दिवसांत नऊच्या नऊ देश कँटीनकडे आले. म्हणजे माझ्या ताईकडे.

ताई माझी सख्खी थोरली बहीण आहे, हे कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं. दाजी गेल्यावर ती ठेकेदारामार्फत कँटीनला लागली, तेव्हा मीच तिला बजावलं होतं, की इथं नातं सांगू नकोस, लोक वशिला म्हणतात. वशिला हे बोलायला बरं कारण होतं. मी प्रशिक्षण विभागात कायम नोकरीवर होतो आणि ती डोक्याला जाळी लावून भात वाढायची, हे खरं कारण होतं. तिला ते कळलं असणार. तिने विचारलं मात्र कधी नाही.

वर्षअखेरीला कँटीनचा ठेकेदार बदलणार होता. नवा ठेकेदार जुन्यांतली मोजकीच माणसं ठेवणार आणि त्यांची यादी एचआरच्या मॅडम देणार. मॅडम ताईला म्हणाल्या, "मावशी, हे एवढं नीट पार पाडा. तुमचं नाव मी बघते."

ताईने एवढ्यावर नऊ देश अंगावर घेतले.

कँटीनमध्ये हजारभर माणसांचा भात शिजतो, पण ओव्हन नाही. म्हणून आकुर्डीची भट्टी. दिवाळीच्या आधी तिथे बायका आपापला रवा, मैदा, तूप घेऊन रांगेत बसतात, नानकटाई वळतात आणि भाजून डब्यात भरून नेतात. ताई दरवर्षी जायची. त्या रविवारी मीही डबे उचलायला गेलो.

भट्टीवाल्याने डब्यांकडे बघितलं. "दिवाळी होऊन गेली की, ताई."

"आमची झाली. साहेबलोकांची राहिलीय."

मी छापील कृती वाचून दाखवली. "एकशे ऐंशी डिग्री पाहिजे."

"डिग्री तुमच्या कंपनीत, भाऊ. हितं कागुद टाकायचा. तांबूस झाला की ट्रे सारायचा, काळा झाला की जरा दम खायाचा."

कागद तांबूस झाला आणि स्पेन आत गेलं. जर्मन केकला, त्याला स्टॉलन म्हणतात, मनुका रममध्ये भिजवायला सांगितलं होतं. कारखान्यात रम चालणार नव्हती, म्हणून त्या संत्र्याच्या रसात भिजल्या. पहिला केक मधोमध फाटला. "चालेल गं," मी म्हणालो. ती म्हणाली, "तुला चालेल. मला नाही." दुसरा नीट झाला. त्याला वरून तूप पाजून, पिठीसाखरेत लोळवून, धुतलेल्या सुती लुगड्यात गुंडाळून तिने दिघीच्या तिच्या खोलीत पत्र्याच्या डब्यात ठेवला. कृतीत लिहिलं होतं की मुरू द्यावा. अकरा दिवस मुरला. कामावर निघताना ती रोज झाकण उघडून वास घ्यायची.

"कुठली कुठली माणसं रे," ती मला म्हणाली, "पण सणाला सगळ्यांना मैदा, तूप नि साखरच."

मला पुस्तकं वाचायची खोड आहे, म्हणून केकांपुढची माहितीची कार्डं, मराठीत आणि खाली इंग्रजीत, माझ्याकडे आली. तिच्या एका वाक्यात जे होतं ते मला नऊ कार्डांत जमलं नाही. मी 'पिढ्यान्‌पिढ्या जपलेली चव' वगैरे लिहिलं. खाली 'घरी करणारे' असं लिहून प्रमुखांची आणि त्यांच्या पत्नींची नावं घातली. तशी सूचना होती. मोठेपणाच्या असल्या सोहळ्यांना मी आयुष्यभर हसत आलो आहे. अक्षर मात्र वळणदार काढलं.

समारंभात कापसाचा बर्फ होता, फीत होती, आणि घाम पुसणारा सांताक्लॉज होता. पाहुण्यांनी एकेक चव घेतली, 'व्हेरी नाइस' म्हणत पुढे सरकले. त्यांतले मोठे साहेब जर्मन केकपाशी मात्र थांबले. दुसरा तुकडा त्यांनी स्वतः कापून घेतला आणि उत्पादनप्रमुखांना विचारलं, "किती दिवस मुरवलाय?"

उत्पादनप्रमुखांनी केकला तोवर हातही लावला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताई दोन पावलांवर चहाच्या कपांचा ट्रे धरून उभी होती. मी एवढंच म्हणायचं होतं, की यांना विचारा.

"इलेव्हन डेज, सर," मी म्हणालो. "सरांच्या मिसेस फार चिकाटीच्या आहेत."

ताईला इंग्रजी येत नाही. पण इलेव्हन येतं आणि मिसेसही येतं. तिने पाहुण्यांपुढे ट्रे धरला, मग उत्पादनप्रमुखांपुढे, मग माझ्यापुढे. मी कप घेतला.

जानेवारीत यादी लागली. तिचं नाव नव्हतं. मी मॅडमकडे गेलो.

"मला माहितीय हो, मावशींनीच केलं सगळं," त्या म्हणाल्या. "पण नव्या ठेकेदाराला दाखवायला कागद काय आहे? फोटो आहेत, त्यांत तुमची कार्डं आहेत. त्यांवर ही नावं."

"ती माझी बहीण आहे, मॅडम."

"अय्या! मग आधी नाही का सांगायचं?"

त्या संध्याकाळी मी दिघीला गेलो आणि म्हणालो, की मी बोलणार होतो. ताई डाळ निवडत होती. "टेबल मीच आवरलं ना त्या दिवशी," ती म्हणाली. "कार्डं वाचली सगळी. छान लिहितोस." मग तिने मला जेवून जायला सांगितलं आणि मी जेवलो.

आता ती चाकणच्या बाजारात एका आडत्याकडे कांदा निवडायला जाते. गेल्या डिसेंबरात पुन्हा परिपत्रक निघालं. मॅडमनी मला बोलावून फार गोड आवाजात विचारलं, "बहिणीला विचारता का? या वेळी कार्डावर त्यांचंही नाव घालू."

मी बाजारात गेलो. ताई ढिगापाशी बसून मोड आलेले कांदे बाजूला टाकत होती. मी सांगितलं ते तिने हात न थांबवता ऐकलं.

"त्यांना सांग, हाताला कांद्याचा वास लागलाय. मैद्याला लागेल."

"असं कसं सांगू?"

"मग तुला जमेल तसं सांग."

मी मॅडमना कळवलं, की बहिणीची तब्येत हल्ली बरी नसते.